एक भारीतली की दोन साध्या?

वाचकाचं पत्र

नमस्कार. गेल्या पंधरा वर्षांचे फोटो माझ्याकडे इकडेतिकडे पडलेत. काही जुन्या कॅमेऱ्याच्या कार्डांवर, काही लॅपटॉपवर, बरेचसे फोनमध्ये आणि थोडे दोन पेन ड्राइव्हवर. त्यातला एक पेन ड्राइव्ह आता उघडतच नाही. फोन रोज जागा संपली म्हणून ओरडतो, लॅपटॉपही भरलाय. सगळं मिळून चारशे जीबी तरी असेल. आता एकदाचं सगळं एका जागी आणून फोन आणि लॅपटॉप रिकामे करायचेत. भाचा म्हणतो, एसएसडीच घे, हार्ड डिस्कचा जमाना गेला. दीर म्हणतात, हार्ड डिस्कच टिकते, एसएसडीतलं नुसतं पडून राहिलं की पुसलं जातं. आमचे हे म्हणतात, कशाला काय हवंय, सगळं क्लाउडवर आहेच. माझा लॅपटॉप विंडोजचा, फोन अँड्रॉइड. मुलगी दुसऱ्या गावी असते, तिच्याकडे मॅक आहे. कार्ड खोचलं की आपोआप फोटो उतरवून घेणाऱ्या डिस्क मिळतात म्हणे, त्या कशा असतात? पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील, पण एकच आणि चांगली वस्तू सांगा, म्हणजे पुन्हा या भानगडीत पडायला नको.

– फोटोंच्या ढिगाऱ्यातली एक आई

उत्तर

ताई,

भाचा, दीर आणि यजमान, तिघांच्याही बोलण्यात थोडंथोडं तथ्य आहे. त्यांच्याकडे वळूच, पण आधी तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर मी अडले. ‘सगळं एका जागी आणून फोन आणि लॅपटॉप रिकामे करायचेत.’ हे केलंत, की त्या दिवसापासून तुमच्याकडे बॅकअप नावाची गोष्टच उरणार नाही. फोटोंची एकुलती एक प्रत असेल, फक्त ती फोनमधून उठून डिस्कवर गेलेली असेल. आज जी पांगापांग आहे तिचा तुम्हाला वैताग आलाय हे कळतं, पण तिचा एक फायदा तुम्ही नकळत घेतलाय. पेन ड्राइव्ह गेला तेव्हा त्यातले तेवढेच फोटो गेले. सगळं एका डिस्कवर आणल्यावर ती हातातून निसटली, प्रवासात राहिली किंवा एके सकाळी सुरूच झाली नाही, तर पंधराच्या पंधरा वर्षं एकदम जातील.

म्हणून उत्तर आधीच देऊन टाकते. एक भारीतली घेऊ नका. तेवढ्याच पैशांत दोन साध्या घ्या. दोन टीबीच्या (एक टीबी म्हणजे साधारण हजार जीबी) दोन पोर्टेबल हार्ड डिस्क, शक्यतो दोन वेगळ्या कंपन्यांच्या, दोन्हींवर तेच फोटो. एक तुमच्याकडे राहील, दुसरी मुलीकडे.

‘पण चांगल्या कंपनीची घेतली तर कशाला बिघडेल?’ असं तुमच्या मनात येईल. बिघडतात. चांगल्या कंपन्यांच्याही बिघडतात. बॅकब्लेझ ही क्लाउड साठवणुकीची सेवा देणारी कंपनी आपल्याकडच्या हार्ड डिस्कपैकी वर्षाला किती बंद पडल्या याचे आकडे २०१३ पासून जाहीर करत आली आहे. २०२४ सालचा आकडा १.५७ टक्के होता, म्हणजे शंभरात दीड. आणि या डिस्क एकाच जागी घट्ट बसवलेल्या, थंड हवेत, दिवसरात्र देखरेखीखाली चालणाऱ्या. आपली डिस्क पिशवीत आदळते, टेबलावरून पडते, धक्के खाते, तेव्हा आपण त्याहून वाईटच धरून चालावं. तरी याच आकड्याने हिशेब करा. एका डिस्कवर सगळं असेल तर वर्षाला शंभरात दीड अशी जोखीम. दोन डिस्क असतील, तर एकाच वर्षात दोन्ही जाण्याची शक्यता दहा हजारात अडीचच्या आसपास येते. कितीही महागडी डिस्क घेतली तरी एकटीला हा आकडा गाठता येत नाही.

या हिशेबात एक अट लपलेली आहे. दोन्ही डिस्कचं नशीब एकमेकांना बांधलेलं नको. दोन्ही एकाच कपाटात असतील तर चोर दोन्ही नेणार, आणि पाणी शिरलं तर दोन्ही भिजणार. एकाच कंपनीच्या, एकाच खोक्यातून आलेल्या असतील तर त्यात एखादा कारखान्यातला दोष सारखाच असू शकतो. मुलगी दुसऱ्या गावी आहे ही तुमची जमेची बाजू. ती आली की ताजी डिस्क तिच्याबरोबर द्यायची, तिच्याकडची परत घ्यायची, त्यावर नवे फोटो चढवायचे. अशी अदलाबदल चालू राहिली की पोस्टाने पाठवा, कुरिअर करा असलं काही लागत नाही.

आता भाचा आणि दीर.

हार्ड डिस्कच्या आत चकत्या फिरतात, बहुतेक पोर्टेबल डिस्कमध्ये मिनिटाला ५,४०० फेऱ्या. त्यांच्यावर माहिती लिहिणारं आणि वाचणारं टोक चकतीपासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. डिस्क बंद असते तेव्हा हे टोक बाजूला जाऊन बसतं, म्हणून बंद डिस्कला बारीकसारीक धक्के सोसतात. पण चालू डिस्कला बसलेला धक्का जीवघेणा ठरू शकतो. लॅपटॉप मांडीवर, त्याला लोंबकळणारी डिस्क, कुणीतरी हाक मारली म्हणून तुम्ही उठलात आणि केबलला हिसका बसला, की झालं. कॉपी चालू असेपर्यंत डिस्क टेबलावर, मधोमध, सपाट ठेवा आणि तिला हात लावू नका. नीट सांभाळलेली हार्ड डिस्क अनेकदा मरण्याआधी कुरकुरते. फोल्डर उघडायला वेळ लावते, टक्‌टक्‌ आवाज काढते. असा आवाज आला तर ‘बघू तरी अजून एकदा’ करत बसू नका, तिथल्या तिथे बंद करा. दरवेळी चालू करताना आतली चकती आणखी खरवडली जाऊ शकते.

एसएसडी माहिती चिपवर साठवते, तिच्यात फिरणारं काहीच नाही. पडली तरी सहसा काही होत नाही, आकाराने लहान आणि वेगाने कितीतरी पट पुढे. भाच्याचं इथवर सोळा आणे खरं. पण ती जाते तेव्हा अनेकदा काही न सांगता जाते. काल चालत होती, आज ओळखच देत नाही. चुकून पुसलेले फोटो परत मिळवायचे झाले तरी हार्ड डिस्कवर आशा बरी असते. एसएसडी पुसलेली जागा बऱ्याचदा स्वतःहून साफ करून टाकते, मग शोधायला मागे काही उरत नाही.

आणि दिरांचं ‘पडून राहिलं की पुसलं जातं’ हे निव्वळ ऐकीव नाही. एसएसडीत माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि हा भार अगदी हळूहळू गळतो. सेमीकंडक्टर उद्योगाची मानकं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेचा निकष असा, की घरगुती वापराच्या एसएसडीने तिची लिहिण्याची ठरलेली क्षमता पूर्ण वापरून झाल्यावरही, वीज न मिळता, ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष माहिती धरून ठेवली पाहिजे. हे झालं झिजून गेलेल्या एसएसडीचं. तुमची अधूनमधून फोटो चढवलेली एसएसडी त्या झिजेच्या जवळपासही जाणार नाही, त्यामुळे ती याहून बराच जास्त काळ टिकेल. पण तापमान वाढलं की गळती वाढते, आणि कपाटात टाकून पाच वर्षं विसरून जायची असेल तर मी एसएसडीवर विसंबणार नाही. तुमच्या दिरांना एवढं सांगा, की ते बरोबर आहेत, फक्त घाई करताहेत.

तेव्हा निवाडा असा. जी डिस्क पडून राहणार ती हार्ड डिस्क. जी सतत पर्समधून फिरणार, दर आठवड्याला जोडली जाणार, ती एसएसडी असलेली बरी. तुमच्या बाबतीत दोन्ही पडूनच राहणार आहेत, म्हणून मी दोन हार्ड डिस्क म्हटलं. त्यातच क्षमता तेवढीच ठेवली तर एसएसडीला पैसेही जास्त पडतात. ‘जास्त गेले तरी चालतील’ असं लिहिलंय तर घरातली, महिन्याला जोडायची ती एसएसडी घ्या आणि मुलीकडची हार्ड डिस्क. भाच्याचंही मन राहील.

दोन टीबी का? चारशे जीबी आज आहेत, आणि फोटोंपेक्षा व्हिडिओ जागा खातात. फोनचा एक फोटो साधारण दोन ते पाच एमबीचा. फोरके या जास्त स्पष्ट चित्राच्या प्रकारात काढलेला एक मिनिटाचा व्हिडिओ, सेटिंगप्रमाणे, १७० ते ३५० एमबी. एका छोट्या कार्यक्रमाचं चित्रण शेकडो फोटोंना मागे टाकतं. एक टीबी दोन-चार वर्षांत भरेल आणि पुन्हा हीच भानगड. आणि हो, डिस्क जोडल्यावर विंडोजला दोन टीबीच्या जागी १.८१ टीबी दिसेल. फसवलं म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १,०२४ च्या पटीत. जागा तेवढीच असते.

खरी फसवणूक वेगळीच असते. अंगठ्याएवढी ‘१६ टीबी’ची एसएसडी ऑनलाइन एखाद्या साध्या डिस्कपेक्षाही स्वस्तात दिसेल. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. आत एखादी ६४ जीबीची चिप असते आणि तिच्यावरचा प्रोग्राम संगणकाला बेधडक सांगतो, माझ्यात १६ टीबी जागा आहे. तुम्ही फोटो टाकत राहता, ते जाताना दिसतात, फोल्डरमध्ये सगळी नावं दिसतात. मूळ चिप भरली की पुढचे फोटो जुन्यांवर लिहिले जातात किंवा कुठेच लिहिले जात नाहीत. फोटो उघडायला जाल तेव्हा कळतं, आणि तोवर फोन रिकामा केलेला असतो. म्हणून कुठलीही नवी डिस्क, नामांकित कंपनीची असली तरी, आधी तपासायची. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू नावाचा फुकटचा छोटा प्रोग्राम आहे, मॅकवर एफ३. दोन्ही डिस्क काठोकाठ भरतात आणि लिहिलेलं परत वाचून जुळतं का बघतात. दोन टीबीला कित्येक तास लागतील, रात्रभर चालू ठेवा. नव्या डिस्कमधला कारखान्यातला दोषही यात बऱ्याचदा उघडा पडतो आणि बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत पडतो, हे महत्त्वाचं.

केबलकडे कुणी बघत नाही, तिथेच घोडं पेंड खातं. टाइप-सी हा फक्त टोकाचा आकार. आतून ती केबल जुन्या यूएसबी २.० वेगाची असू शकते, आणि फोनच्या चार्जरबरोबर येणाऱ्या बऱ्याच केबल तशाच असतात. तुमचे चारशे जीबी यूएसबी २.० वरून जायला तीन-साडेतीन तास सहज लागतील. तीच हार्ड डिस्क यूएसबी ३ वर तासा-दीड तासात मोकळी होईल. डिस्कबरोबर आलेली केबलच वापरा आणि लॅपटॉपच्या ज्या छिद्रात निळी पट्टी दिसते त्यात खोचा (सगळ्या कंपन्या निळा रंग वापरत नाहीत, पण असला तर ती बहुतेक यूएसबी ३ ची खूण). खोक्यावर ३.०, ३.१ जेन १, ३.२ जेन १ अशी तीन नावं दिसली तर गोंधळू नका. एकाच पाच गिगाबिटच्या वेगाला दर काही वर्षांनी नवं बारसं केलेलं आहे.

फोटो टाकण्याआधी एक काम नक्की करा, नंतर केलंत तर सगळं पुसलं जाईल. डिस्कचं फॉरमॅट, म्हणजे तिच्यावर फाइली मांडून ठेवण्याची पद्धत, बघा. विंडोजच्या एनटीएफएस प्रकारात असेल तर मुलीच्या मॅकवर फोटो दिसतील, पण तिला त्यावर नवे टाकता येणार नाहीत. मॅकचा एपीएफएस असेल तर तुमच्या विंडोजला ती डिस्क वाचताच येणार नाही. तुमच्या दोघींसाठी एक्सफॅट. डिस्कवर राइट क्लिक, फॉरमॅट, एक्सफॅट निवडा, संपलं. जुना फॅट३२ चालणार नाही, कारण त्यात चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि तुमचा एखादा लांबलचक व्हिडिओ तिथेच अडेल. एक्सफॅटचा एक दुबळेपणा आहे. लिहिणं चालू असताना केबल ओढली तर तो एनटीएफएसइतका सावरून घेत नाही. त्यामुळे ‘इजेक्ट’ दाबून, डिस्क काढायला हरकत नाही असा निरोप आल्यावरच काढायची. मुलीलाही सांगून ठेवा, की नवी डिस्क जोडल्यावर मॅक कधीकधी ‘टाइम मशीनसाठी वापरू का?’ असं विचारतो. त्याला हो म्हटलं आणि पुढचे प्रश्न न वाचता दाबत गेलं, तर डिस्क पुसली जाऊ शकते. तिथे नको म्हणायचं.

पासवर्डचं कुलूप लावायचं का? फोटोंबरोबर कागदपत्रांचे स्कॅन नसतील तर मी नाही लावणार. पासवर्ड विसरल्यामुळे जे फोटो जातात ते कुणालाच परत काढता येत नाहीत.

आता कॉपी करण्याचं. इथे बहुतेकांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं, ते म्हणजे ‘आधी नीट लावून घेते, मग बॅकअप घेते’. लग्नाचे वेगळे, सहलीचे वेगळे, दुबार आलेले काढून टाकायचे, अंधुक पुसायचे. पंधरा वर्षांच्या फोटोंना हा मुहूर्त कधीच लागत नाही. तुम्ही काहीही लावू नका. डिस्कवर ‘फोन’, ‘लॅपटॉप’, ‘कार्ड १’, ‘कार्ड २’, ‘पेन ड्राइव्ह’ असे फोल्डर करा आणि जिथलं तिथे जसंच्या तसं ओता. दुबार आले तर येऊ देत, दोन टीबी त्यासाठीच आहेत. फोटो कधी काढला ती तारीख बहुतेक वेळा फोटोच्या फाइलमध्येच लिहिलेली असते, त्यामुळे पुढे कधी सवडीने तारखेनुसार लावता येतील. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंची ही माहिती निघून गेलेली असते आणि ते दाबून बारीकही केलेले असतात. तेव्हा महत्त्वाच्या कार्यक्रमाचे फोटो ज्याने काढले त्याच्याकडून मूळ फाइल मागून घ्या.

कट-पेस्ट कधीही करू नका. मध्येच वीज गेली किंवा केबल हलली, तर काय गेलं आणि काय राहिलं हे शोधत बसाल. तेलही गेलं, तूपही गेलं. कॉपी-पेस्टच. झाल्यावर मूळ फोल्डर आणि डिस्कवरचा फोल्डर, दोन्हींवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. फाइलींची संख्या आणि बाइटचा आकडा तंतोतंत जुळायला हवा. मग अधूनमधून वीस-पंचवीस फोटो उघडा, अगदी जुने, मधले, शेवटचे. फोटोचं छोटं चित्र दिसलं म्हणजे फोटो शाबूत आहे असं समजू नका, पूर्ण पडद्यावर उघडून बघा. दोन-चार व्हिडिओ शेवटपर्यंत नेऊन बघा. दुसऱ्या डिस्कवर कॉपी करताना पहिल्या डिस्कवरून न करता मूळ जागेवरूनच करा. पहिल्या कॉपीत एखादी फाइल बिघडली असेल तर तोच बिघाड दुसऱ्या डिस्कवर जायला नको. पुढे दर महिन्याचे नवे फोटो टाकताना फ्रीफाइलसिंकसारखा फुकट प्रोग्राम वापरलात तर काय नवीन आहे तेवढंच तो उचलतो. फक्त त्यात ‘मिरर’ हा पर्याय निवडू नका, कारण फोनमधून पुसलेलं तो डिस्कवरूनही पुसेल.

फोन रिकामा कधी करायचा? दोन्ही डिस्कवर तपासणी झाली आणि एक डिस्क मुलीच्या घरी पोहोचली, की मग. त्याआधी कितीही ओरडला तरी ओरडू द्या. जुनी कार्डं तर पुसूच नका. नवं कार्ड घ्या आणि जुनी तशीच डबीत ठेवा, आपसूक मिळालेली आणखी एक प्रत म्हणून. डिस्क कायम लॅपटॉपला जोडून ठेवण्याचा मोहही आवरा. व्हायरस आला तर तो जोडलेल्या डिस्कवरही जातो, आणि विजेचा झटका आला तर त्यातही दोघांची जोडी फुटत नाही.

यजमानांच्या क्लाउडबद्दल. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ असा एक नियम आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. क्लाउड ही तिसरी प्रत म्हणून उत्तम, माझा अजिबात विरोध नाही. पण ‘सगळं आहेच’ हे त्यांनी एकदा डोळ्यांनी बघावं. गूगल फोटोजची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून बंद झाली. त्यानंतर फुकट मिळतात ते १५ जीबी, आणि तेही जीमेल आणि ड्राइव्ह धरून. तुमचे चारशे जीबी तिथे असतील तर कुणीतरी दरमहा पैसे भरत असणार. भरत नसेल, तर बॅकअप कधीतरी मध्येच थांबलाय आणि कुणाच्या लक्षात आलेलं नाही. ‘स्टोरेज सेव्हर’ हा पर्याय चालू असेल तर मोठे फोटो आणि व्हिडिओ बारीक करून ठेवलेले असतात, मूळ तिथे नसतात.

दुसरं असं, की तिथे पुसलेलं सगळीकडून जातं. ॲपमध्ये फोटो पुसलात की तो फोनमधूनही जातो आणि क्लाउडवरूनही. बॅकअप झालेला असेल तर कचरापेटीत ६० दिवस राहतो, मग कायमचा जातो. फोनमधून काढायचा पण क्लाउडवर ठेवायचा असेल, तर ‘जागा मोकळी करा’ हा वेगळा पर्याय आहे. फरक एका बटणाचा, आणि आपण घाईत असतो. वर, दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल पुसू शकतं. तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या जुन्या खात्यात फोटो असतील तर त्यात अधूनमधून लॉगिन करत राहा.

पेन ड्राइव्ह फोटो पोहोचवायला आहेत, ठेवायला नाहीत. स्वस्त पेन ड्राइव्हमध्ये बहुधा स्वस्तातल्या चिप असतात, आणि ती वस्तू हरवण्यासाठीच घडवल्यासारखी असते. तुमचा जो उघडत नाही तो अजून फेकू नका. दुसऱ्या पोर्टमध्ये, दुसऱ्या संगणकावर लावून बघा. विंडोज ‘फॉरमॅट करू का?’ विचारेल, तिथे नाहीच म्हणायचं. ड्राइव्ह यादीत दिसत असेल, म्हणजे संगणकाला त्याचा पत्ता लागत असेल, तर फोटोरेक नावाचा फुकट प्रोग्राम आतलं कच्चं लिखाण चाळून फोटो शोधून काढतो. सापडलेले फोटो मात्र त्याच ड्राइव्हवर उतरवायचे नाहीत, दुसरीकडे उतरवायचे, नाहीतर उरलेल्यांवरच नवं लिहिलं जाईल. फाइलींची नावं जातात, तारखांचा गोंधळ होतो, पण फोटो बऱ्याचदा मिळतात. यादीतही दिसत नसेल तर मामला आतल्या भागांचा आहे आणि तो प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांकडे न्यावा लागतो. तो खर्च करण्याआधी त्यात नक्की काय होतं हे आठवून बघा.

राहिला कार्ड खोचून आपोआप उतरवणाऱ्या डिस्कचा प्रश्न. त्या असतात. डिस्क, बॅटरी आणि कार्डाची फट एकाच डबीत. लॅपटॉप न नेता रानावनात फिरणाऱ्या, दिवसाला दोन-तीन कार्डं भरणाऱ्या छायाचित्रकारांसाठी त्यांचा उपयोग होता. अडचण अशी, की त्यांची बॅटरी काही वर्षांत दम तोडते, आणि त्यातल्या बऱ्याच कंपनीच्या स्वतःच्या ॲपवर चालतात. कंपनीने ॲप अपडेट करणं सोडलं, की चांगली डिस्क असूनही तुम्ही अडकता. आता तेच काम तुमच्या फोनवर होतं. एसएसडी घेतली असेल तर आधी ती फोनला थेट लावून बघा, बहुतेक अँड्रॉइड फोन एक्सफॅट वाचतात, पण सगळे नाहीत. चाललं तर टाइप-सीचा छोटा हब (एका छिद्राची अनेक छिद्रं करणारी डबी), एक कार्ड रीडर, आणि फाइल मॅनेजरमधून कॉपी. हार्ड डिस्कला मात्र फोनची वीज कधीकधी पुरत नाही. ती सुरू होते, बंद पडते, पुन्हा सुरू होते. असं झालं तर लगेच काढा आणि हबला चार्जर जोडून मगच लावा. तुम्ही वर्षातून एकदोनदा प्रवासाला जाणार असाल तर यातलं काहीच घेऊ नका. एक जास्तीचं मेमरी कार्ड बरोबर ठेवा, भरलेलं पुसू नका, आणि परत आल्यावर सामान लावायच्या आधी दोन्ही डिस्कवर उतरवून घ्या.